खोलीआधी कोनाडा

वृत्तपत्रांच्या वास्तुविषयक पुरवण्यांत आणि गृहसजावटीच्या मासिकांत ‘किड्स रूम’ या विषयावरचा मजकूर ठरावीक काळाने येत असतो. त्याचा साचाही ठरलेला असतो. आरंभी भावविश्व, कल्पनाशक्ती, सर्जनशीलता अशा शब्दांचा शिडकावा होतो. मग ‘थीम’ कशी निवडावी याचे मार्गदर्शन येते. मुलगा असेल तर मोटारी, अवकाशयाने किंवा क्रिकेट. मुलगी असेल तर राजकन्या, पऱ्या आणि फुलपाखरे. त्यापाठोपाठ भिंतीचा रंग, पडदे, पलंगाचा आकार, छताला चिकटवायच्या रेडियमच्या चांदण्या. मूल मोठे होईल तशी थीम बदलावी, हा सल्ला शेवटी असतोच.

साहित्याच्या विद्यार्थ्याने किंवा अध्यापकाने असल्या मजकुराची दखल कशासाठी घ्यावी, असे कोणी विचारील. माझ्या मते घ्यायला हवी. ‘वाचक कसा घडतो’ या विषयावर आपण परिसंवाद भरवतो, अभ्यासक्रम बदलतो, वाचनसंस्कृती लोप पावत असल्याबद्दल हळहळतो. पण ज्या चार भिंतींमध्ये वाचक घडतो किंवा बिघडतो, त्या भिंतींवर काय आहे हे आपण पाहत नाही. खोली हीदेखील एक संहिता आहे. अक्षरओळख होण्याच्या कितीतरी आधी मूल ती वाचू लागते आणि पुढे अनेक वर्षे रोज वाचत राहते. ती संहिता कोणी लिहिली, तिच्यात मुलाने भर घालायला जागा आहे की नाही, हा प्रश्न रंगाच्या डब्यांवर सोपवून देण्याइतका किरकोळ नाही.

या लेखातले म्हणणे थोडक्यात असे: मुलाची खोली सजवायची असेल तर आरंभ रंगापासून, थीमपासून किंवा फर्निचरपासून करू नये. मुलाच्या हाताला येईल अशा एका उघड्या कोनाड्यापासून करावा, आणि बाकीची खोली बराच काळ अपुरी राहू द्यावी.

‘कोनाडा’ हा शब्द मी हेतुपुरस्सर निवडला आहे. मुलांची स्वतंत्र खोली ही मराठी घरात अलीकडची गोष्ट. जुन्या घरात ओसरी होती, पडवी होती, माजघर होते, देवघर होते, कोठीची खोली होती, आणि बाळंतिणीचीही खोली होती. म्हणजे मूल जन्माला येण्यासाठी घरात खोली होती. मूल म्हणून राहण्यासाठी मात्र नव्हती. चाळीतल्या बिऱ्हाडात तर सगळ्यांना मिळून दीड-दोन खोल्या. युरोपातही ही गोष्ट फार जुनी नाही. फिलिप आरिएस या फ्रेंच इतिहासकाराने १९६० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दाखवले, की सतराव्या शतकापर्यंत तिकडच्या घरांतही खोल्यांना ठरावीक कामे नेमून दिलेली नव्हती. जेवण, झोप, पाहुणे, व्यवहार हे सारे एकाच दालनात चाले. ‘बालपण’ ही कल्पनाच अर्वाचीन आहे या त्याच्या सिद्धान्तावर नंतरच्या इतिहासकारांनी पुष्कळ आक्षेप घेतले. पण घराची विभागणी आणि बालपणाची कल्पना यांचा एकमेकींशी संबंध आहे, हे त्याचे निरीक्षण आजही कामाचे आहे.

तर आपल्याकडे मुलाला खोली नव्हती, पण कोनाडा होता. मातीच्या किंवा दगडविटांच्या हात-दीड हात जाडीच्या भिंतीत तो सहज कोरून निघे. वरचे कोनाडे दिव्यासाठी, देवासाठी, आजोबांच्या चष्म्यासाठी. खालचा एखादा आपोआप मुलांचा होई. त्यात सागरगोटे, चिंचोके, गोट्या, बांगड्यांच्या काचा, भोवऱ्याची जाळी, काड्यापेटीचे छाप असा ऐवज जमे. त्याची मांडणी मूल स्वतः करी, मोडी आणि पुन्हा करी. त्या वस्तूंना मोठ्यांच्या लेखी किंमत नव्हती, म्हणूनच त्या मुलाच्या होत्या. पुढे सिमेंटच्या इमारती आल्या, आतल्या भिंती चार-सहा इंचांच्या झाल्या आणि कोनाड्याला भिंतीत जागाच उरली नाही. सुखवस्तू मराठी कुटुंबांत मुलाला खोली मिळाली ती यानंतर. या अदलाबदलीत काय गमावले याचा हिशेब कोणी मांडला नाही.

मुलांच्या खोलीची सजावट हा स्वतंत्र व्यवसाय झाला तो एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये, आणि त्याचा उगम साहित्यात आहे ही गोष्ट आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाची. मुलांच्या चित्रपुस्तकांसाठी नावाजलेला वॉल्टर क्रेन हा चित्रकार. त्याने १८७५ साली जेफ्री अँड कंपनीसाठी एक वॉलपेपर रेखाटला. विषय होता बदामाच्या राणीचे प्रसिद्ध बालगीत. १८७९ मध्ये ‘झोपलेल्या राजकन्ये’चा वॉलपेपर आला. पुस्तकातले चित्र भिंतीवर चढले ते असे. क्रेनच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. लहानपणीच डोळ्यांना चांगल्या रेषेची सवय लागावी, असा विचार त्या काळच्या कलाचळवळीत होता आणि त्याची चित्रे सुंदरच आहेत. परंतु पुस्तकातल्या चित्रात आणि भिंतीवरच्या चित्रात एक मूलभूत फरक आहे. पुस्तकाचे पान उलटता येते, पुस्तक मिटता येते, नको असेल तेव्हा पलंगाखाली ढकलता येते. भिंत मिटता येत नाही. शिवाय वॉलपेपरवर तेच चित्र ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येते. कथेतला प्रसंग तिथे नक्षी होऊन बसतो. कथा पुढे सरकते, नक्षी सरकत नाही.

शार्लट पर्किन्स गिलमन यांची १८९२ साली प्रसिद्ध झालेली ‘द यलो वॉलपेपर’ ही कथा आपल्या वर्गांतून शिकवली जाते ती स्त्रीवादी संहिता म्हणून, आणि ते योग्यच आहे. पण तिच्यातला एक तपशील सहसा निसटतो. विश्रांतीच्या नावाखाली नायिकेला जिथे ठेवले आहे ती माडीवरची खोली पूर्वी मुलांची खोली होती, असा तिचा तर्क आहे. खिडक्यांना गज आहेत, ते लहान मुले पडू नयेत म्हणून असावेत असे तिला वाटते. पलंगाच्या उशाशी भिंतीवरचा कागद जागोजाग फाडलेला आहे, आणि तो आधीच्या मुलांनी फाडला असावा, त्यांना तो आवडत नसणार, असेही ती म्हणते. तिचा तर्क किती भरवशाचा याविषयी समीक्षकांत मतभेद आहेत. तिला जिथे मुलांची खोली दिसते तिथे वाचकाला कोंडवाडा दिसू लागतो. माझ्यापुरता मुद्दा एवढाच, की संरक्षणासाठी म्हणून आखलेल्या खोलीत आणि कोंडून ठेवण्यासाठी आखलेल्या खोलीत वास्तुदृष्ट्या फारसा फरक नसतो, हे गिलमन यांनी ओळखले होते. खोलीतल्या माणसाला भिंतीवर स्वतःचे काही करण्याची मुभा नसेल, तर भिंत खरवडणे एवढीच कृती त्याच्या हाती राहते.

आजच्या ‘थीम’ खोलीवरचा माझा मुख्य आक्षेप हाच आहे. ती वाईट अभिरुचीची असते असे नाही. पुष्कळदा ती नेटकी आणि देखणी असते. पण ती पूर्ण असते. समुद्राची थीम ठरली की भिंत निळी, पडद्यावर मासे, दिवा शिंपल्याच्या आकाराचा आणि पलंगाची होडी. मुलाने करायचे काही शिल्लक राहत नाही. साध्या पलंगाची होडी करणे हे मुलाचे काम होते. ते सुताराने करून ठेवले. संहितेतल्या रिकाम्या जागा वाचक भरतो आणि त्यातूनच वाचन घडते, असे वोल्फगांग इझर सांगतो. उंबेर्तो एकोने १९६२ साली ‘खुल्या कलाकृती’ची कल्पना मांडली. या दोघांना आपण कादंबरीच्या संदर्भात उद्धृत करतो. मुलाच्या खोलीला त्यांची मते अधिकच लागू पडतात, कारण रिकामी जागा भरण्याचा पहिला सराव तिथे होत असतो किंवा होत नसतो.

रोलां बार्थच्या ‘मिथॉलॉजीज’ (१९५७) या संग्रहात खेळण्यांवरचा एक छोटा लेख आहे. फ्रेंच खेळणी म्हणजे मोठ्यांच्या जगाच्या लहान प्रतिकृती. त्यांच्यामुळे मूल निर्माता न होता केवळ मालक आणि वापरणारा होते, असा त्याचा आरोप आहे. वॉल्टर बेंयामिनने त्याच्याही आधी, १९२८ साली, एक सूक्ष्म निरीक्षण नोंदवले होते. जिथे काही काम चाललेले असते तिथे मुले ओढली जातात. सुताराकडचा भुसा आणि ढलप्या, शिंप्याकडच्या चिंध्या, बांधकामावरचे तुकडे त्यांना हवे असतात, आणि या टाकाऊ वस्तूंत ती मोठ्यांच्या कामाची नक्कल करीत नाहीत, तर निरनिराळ्या वस्तूंचे नवेच नाते जुळवतात. मराठी वाचकाला हे समजायला बेंयामिन वाचावाच लागतो असे नाही. दिवाळीतला किल्ला आठवावा. विटांचे तुकडे, गोणपाट, अंगणातली माती. तिच्यावर हळीव पेरायचे आणि त्याला हिरवळ फुटण्याची वाट पाहायची. वर मातीचे शिवाजी महाराज आणि मावळे, पायथ्याशी शेतकरी, आणि कुठेतरी हमखास एखादी प्लॅस्टिकची मोटार. इतिहासाच्या शिक्षकाला ती मोटार खटकेल, पण त्या किल्ल्यात मुलाची सही कुठे असेल तर ती तिथेच. भातुकलीचेही असेच. आज बाजारात किल्लेही तयार मिळतात. त्यांत मोटार नसते आणि हळिवाला कोंब फुटण्याची वाट पाहणेही नसते.

रंगांविषयी थोडे. मुलींना गुलाबी आणि मुलांना निळा ही विभागणी निसर्गदत्त असल्यासारखी आपण स्वीकारली आहे. वस्तुतः विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतही याबाबत एकमत नव्हते. १९१८ साली तिथल्या बालवस्त्रांच्या एका व्यापारी नियतकालिकाने नेमका उलटा, म्हणजे मुलांना गुलाबी आणि मुलींना निळा, असा सल्ला दिला होता. जो पाओलेटी यांनी २०१२ च्या आपल्या पुस्तकात या संकेताची घडण तपशिलाने मांडली आहे. इतका अलीकडचा, इतका व्यापारी संकेत आपल्या घरांत परंपरेच्या थाटात वावरतो. आपल्याकडच्या बाळंतविड्यात, कुंचीत, दुपट्यात हाती असेल त्या जुन्या लुगड्याचा रंग येई. तो मुलगा-मुलगी पाहत नसे.

पण सगळा दोष बाजारावर टाकणे सोयीचे होईल आणि अर्धसत्यही. मध्यमवर्गीय मराठी घरातल्या मुलाच्या खोलीत दुसरी एक भिंत असते आणि ती बाजारातल्या व्यंगचित्रांहून अधिक दांडगी असते. मूल लहान असते तेव्हा त्या भिंतीवर बाराखडीचा, पाढ्यांचा, फळांच्या इंग्रजी नावांचा तक्ता असतो. थोडे मोठे झाले की वेळापत्रक, मूलद्रव्यांची सारणी, शिकवणीवर्गाची दिनदर्शिका. शेजारी प्रशस्तिपत्रे आणि ढालींचे कपाट. सहावी-सातवीपासून ‘फाउंडेशन’ वर्ग सुरू झाले की सजावटीचा विषयच संपतो आणि खोली म्हणजे पलंग घातलेली अभ्यासिका होते. यांतल्या कशालाच मी टाकाऊ म्हणत नाही. पाढ्यांचा तक्ता उपयोगी असतो. पण तो कोणाच्या उंचीवर टांगलेला आहे हे पाहावे. चार वर्षांच्या मुलाची उंची साधारण सव्वातीन फूट, म्हणजे त्याची नजर तीन फुटांच्या आसपास. आपले बहुतेक तक्ते, चित्रे, तसबिरी पाच फुटांवर असतात. ते मुलासाठी लावले आहेत असे आपण म्हणतो. पाहुण्यांना ते अधिक नीट दिसतात.

अशा रीतीने मुलाच्या खोलीत एक भिंत बाजाराची आणि एक परीक्षेची. मुलाची भिंत कोणती, हा प्रश्न उरतोच.

बालसाहित्यातल्या चांगल्या लेखकांनी या प्रश्नाचे उत्तर कधीच देऊन ठेवले आहे, आणि ते सजावटकारांपेक्षा अधिक शहाणे आहे. मार्गारेट वाइज ब्राउन यांच्या १९४७ सालच्या ‘गुडनाइट मून’ या पुस्तकात एक हिरवी खोली आहे. क्लेमंट हर्ड यांनी ती चितारली. सशाचे पिल्लू झोपी जाण्याआधी खोलीतल्या एकेका वस्तूचा निरोप घेते, एवढेच कथानक. पानागणिक खोली थोडी थोडी अंधारत जाते. भिंतीवरचे घड्याळ सातपासून आठ वाजून दहा मिनिटांपर्यंत पुढे सरकते. एक उंदीर दरवेळी निराळ्या जागी असतो आणि त्याला शोधणे हा ऐकणाऱ्या मुलाचा उद्योग होतो. मध्येच एक पान कोरे आहे: जे कोणीच नाही त्याचाही निरोप घेतला जातो. खोली वस्तूंनी भरलेली असूनही तिच्यात एक कोरे पान ठेवायला लेखिका विसरली नाही. मॉरिस सेंडाकच्या ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ (१९६३) मध्ये शिक्षा म्हणून उपाशी झोपायला पाठवलेल्या मॅक्सच्या खोलीत रान उगवते. ते रान उगवू शकते कारण सुरुवातीची खोली अगदी साधी आहे. पलंग, टेबल, खिडकी, बस्स. त्या खोलीत आधीच जंगलाचा वॉलपेपर असता तर मॅक्सला कुठे जाता आले असते? रवींद्रनाथांच्या ‘डाकघर’ (१९१२) मधल्या आजारी अमलला तर वैद्यांनी बाहेर पाऊलही टाकायला मनाई केलेली आहे. त्याच्यापाशी आहे ती एक खिडकी. दहीवाला, पहारेकरी, फुले वेचणारी सुधा यांच्याशी तो तिथूनच बोलतो आणि सारे नाटक त्या एका उघड्या जागेतून आत येते.

मराठीत प्रकाश नारायण संत यांचा लंपन आहे. आजी-आजोबांच्या घरात राहणाऱ्या या मुलाला ‘स्वतःची खोली’ असण्या-नसण्याचे सोयरसुतक नाही. त्याचे घर वस्तूंनी, आवाजांनी, वासांनी आणि माणसांच्या लकबींनी सजलेले आहे. चार संग्रहांपैकी दोघांची नावे ‘पंखा’ आणि ‘झुंबर’ अशी घरातल्या वस्तूंची असावीत, हा मला केवळ योगायोग वाटत नाही. मुलाच्या संवेदनेला वस्तू आधी भेटते आणि तिचा अर्थ मागाहून येतो, हे संतांच्या गद्यात जागोजाग जाणवते. माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’ या मालिकेतही घर उभे राहते ते माणसांच्या रोजच्या लहानसहान कृतींतून. या सगळ्या लेखकांनी मुलाचे जग एका वस्तूपासून, एका कोपऱ्यापासून वाढवत नेले आहे. गास्तों बाशलारने घराच्या काव्यावर लिहिताना खण, कपाटे, घरटी, शिंपले आणि कोपरे यांना स्वतंत्र प्रकरणे दिली, ती याच जाणिवेने.

आता व्यवहाराकडे वळू. कोनाड्यापासून आरंभ करायचा म्हणजे नेमके काय करायचे? भिंत कोरण्याची गरज नाही. जमिनीपासून हात-सव्वा हात उंचीवर, मुलाला बसल्या जागी हात पोचेल असा एक उघडा फळीचा कप्पा पुरे. त्याला दार नको, कुलूप नको. मोकळे कपाट ठेवायचे झाले तर ते भिंतीला पक्के बसवावे, कारण मूल त्यावर चढणार हे गृहीत धरले पाहिजे. त्या कप्प्यात पहिल्या दिवशी एकच वस्तू ठेवावी, आणि ती मुलाने निवडलेली असावी: एखादे पुस्तक, एखादा दगड, आजीने दिलेली पितळी डबी. पुस्तक असेल तर कणा बाहेर न ठेवता मुखपृष्ठ समोर दिसेल असे ठेवावे. वाचता न येणाऱ्याला पुस्तक ओळखायचे ते चित्रावरूनच. मग थांबावे. पुढचे मुलाला करू द्यावे. आठ-पंधरा दिवसांत त्या कप्प्यात काय जमते, काय उडून जाते, कोणती वस्तू टिकते हे पाहावे. भिंतीचा रंग ठरवायचाच असेल तर तो त्यानंतर, टिकलेल्या वस्तूकडे पाहून ठरवावा. मुलाच्या नजरेच्या उंचीवर एक भिंत, निदान तिचा खालचा तीन फुटांचा पट्टा, त्याला रेघोट्यांसाठी द्यावा. काळा रंग लावून खडूने लिहिता येईल असा तो केला की घरमालकही तक्रार करणार नाही.

यात नवे काही नाही. मारिया माँटेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत ‘बालगृह’ उघडले, तेव्हा त्यांनी हेच केले. मुलाला स्वतः उचलता येतील अशा हलक्या खुर्च्या, सहज उघडता येतील अशी बुटकी लांब कपाटे, खालच्या उंचीवर लावलेले फळे. भिंतीवर त्यांनी राफाएलच्या एका मातृचित्राची प्रत आवर्जून लावली. हलक्या खुर्च्या पडतील, आवाज होईल, असा आक्षेप निघाला तेव्हा त्यांचे उत्तर होते, की खुर्ची पडल्याचा आवाज हाच मुलाला त्याची चूक दाखवतो; शिक्षिकेने रागावण्याची गरज उरत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर या विचाराला मराठी माती दिली. महागडी साधने आदिवासी पाड्यांत परवडणारी नव्हती, म्हणून शिंपले, बिया, खडे, पाने हीच साधने झाली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली गेली. ज्यांना खोली नव्हती त्यांनाही ‘आपली’ मांडणी करता येते, हे त्यांनी कृतीने सिद्ध केले.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की हे सारे पोट भरलेल्यांचे चोचले आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार भारतातली सुमारे ३७ टक्के कुटुंबे एकाच खोलीत राहत होती. तिथे मुलाच्या खोलीची सजावट हा विषयच थट्टेचा ठरतो. आक्षेप बरोबर आहे, आणि म्हणूनच आरंभबिंदू कोनाडा असावा असे मी म्हणतो. ‘थीम’ला खोली लागते, कोनाड्याला एक फूट जागा लागते. एका खोलीच्या बिऱ्हाडातही पेटीवरचा कोपरा, माळ्याच्या शिडीखालची जागा, खुंटीवरची एक पिशवी मुलाची असू शकते. अट एकच: मोठ्यांनी ती न विचारता आवरू नये. ही अट पाळणे पैशाने सोपे होत नाही. प्रशस्त खोली दिलेल्या घरांतही ती फार क्वचित पाळली जाते. जुन्या घरांचे आणि दारिद्र्याचे गोडवे गाण्याचाही येथे हेतू नाही. त्या कोनाड्यांच्या घरांत मुलींच्या वाट्याला भातुकलीनंतर लगेच खरी चूल येई, हे विसरून चालणार नाही. मुलीला तिचा कोपरा, तिची वेळ आणि तिची गुपिते यांसह मिळणे ही आजची कमाई आहे, आणि ती गुलाबी वॉलपेपरच्या मोबदल्यात घालवू नये.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. मुलाला निवडू दिले तर ते नेमकी तीच दूरचित्रवाणीवरची पात्रे निवडणार. मग त्याची निवड ‘त्याची’ कशी म्हणायची? निवडेल, यात शंका नाही. मुलाची इच्छा बाजारापासून सोवळी असते असे मानणे भाबडेपणाचे आहे, आणि मोठ्यांचीही ती तशी कुठे असते? म्हणून त्याच्या आवडत्या पात्राला बंदी घालू नये. त्याला कोनाड्यात जागा द्यावी. तिथे ते दगडाशेजारी, पितळी डबीशेजारी, तुटलेल्या चाकाशेजारी बसेल, किल्ल्यावरच्या मोटारीसारखे. चार वस्तूंतली एक वस्तू म्हणून ते राहिले की मूल त्याच्याशी आपल्या मनाने खेळते. तेच पात्र चारही भिंती व्यापून बसले की खेळाचे नियम ते पात्र ठरवू लागते. आणि आवड ओसरली, ती ओसरतेच, की कोनाड्यातली बाहुली सहज उचलता येते. भिंतीवरचा सुपरहिरो मात्र पुढच्या रंगकामापर्यंत मुलाच्या जुन्या वयाची साक्ष देत उभा राहतो.

साहित्य शिकवणाऱ्यांनी यातून काय घ्यावे? एक लहानसा प्रयोग सुचवतो. पदवीच्या वर्गात बालसाहित्य किंवा आत्मचरित्र शिकवताना विद्यार्थ्यांना आपल्या बालपणीच्या जागेतल्या वस्तूंची फक्त यादी करायला सांगावी. आठवणी नकोत, भावना नकोत, केवळ वस्तू आणि त्या जमिनीपासून किती उंचीवर होत्या एवढेच. मग त्यांतल्या किती वस्तू त्यांनी स्वतः तिथे ठेवल्या होत्या हे विचारावे. माझा अंदाज आहे, की पुढे जे लिहिण्याजोगे निघेल ते बहुतेक या शेवटच्या थोड्या वस्तूंभोवतीच निघेल.

नव्या घराचा ताबा मिळाला, मुलाच्या खोलीचे काय करावे असा प्रश्न कोणी आपल्याला विचारला, तर आपण सहसा ‘तो आमचा विषय नाही’ म्हणून बाजूला होतो. यापुढे होऊ नये. रंगाऱ्याला आणि सुताराला महिनाभर थांबायला सांगावे, एक फळी तेवढी खाली ठोकून घ्यावी, आणि तिच्यावर पहिली वस्तू कोणती येते ते मुलाकडून पाहावे.